विहिरीचं पाणी चहासारखं झालं आणि तक्रारीला "नमुने मर्यादेत" असं उत्तर आलं, तर पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर जिल्ह्यातलं ओढ्याकाठचं गाव. वरच्या अंगाला साखर कारखाना आणि त्याचीच डिस्टिलरी. गाळप सुरू झालं की रात्री ओढ्याला काळपट, फेसाळ पाणी येतं. दोन वर्षांत काठावरच्या सात-आठ विहिरींचा रंग बदलला, बंधाऱ्यातले मासे मेले. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज दिला, अधिकारी येऊन गेले, आणि महिन्याभराने कळवलं की सांडपाण्याचे नमुने मर्यादेत आहेत. आता गावाने काय करावं?

मंडळाच्या त्या उत्तरात कदाचित खोटं काहीच नसेल. नमुना घेतला असेल तो प्रक्रिया केंद्राच्या शेवटच्या टाकीतून, दिवसा, सगळं नीट चालू असताना. त्या टाकीतलं पाणी मर्यादेत असतंच. तुमच्या ओढ्यात आलेलं पाणी बहुधा त्या टाकीतून आलेलंच नाही. म्हणून आधी दोन गोष्टी ठरवा: ओढ्यात नेमकं काय आलं, आणि कारखान्याच्या कुठल्या भागातून आलं. याचं उत्तर कागदावर नसेल तर पुढचा प्रत्येक अर्ज त्याच टाकीपाशी जाऊन थांबेल.

गावात आपण सरसकट म्हणतो, "कारखान्याने मळी सोडली." तक्रारीत हा शब्द वापरू नका. मळी म्हणजे मोलॅसिस. ती विकली जाते किंवा डिस्टिलरीत वापरली जाते, ओढ्यात कुणी ओतत नाही. शिवाय आपल्याकडे प्रेसमडलाही, म्हणजे रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळालाही, मळीच म्हणतात. मग कारखाना लिहून देतो की "आमच्याकडून मळी सोडली जात नाही", आणि ते अक्षरशः खरं असतं. मळी आंबवून अल्कोहोल काढल्यावर जे उरतं त्याला स्पेंट वॉश म्हणतात, आणि तक्रारीत तोच शब्द हवा. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो. तो आम्ल असतो, सामू ४ ते ४.५. कच्च्या स्पेंट वॉशचा बीओडी, म्हणजे त्यातली सेंद्रिय घाण पचवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ४०,००० ते ६०,००० मिलिग्रॅमच्या घरात असतो. घरगुती सांडपाण्याचा बीओडी २००-३०० धरला, तर १०,००० लिटरचा एक टँकर म्हणजे गावच्या गटारीचे जवळपास २०० टँकर. पाण्यात विरघळलेला सगळा प्राणवायू जिवाणू ते पचवण्यात संपवतात, आणि मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात ते त्यामुळे.

साखर विभागाचं सांडपाणी वेगळं असतं. ते करडं, गढूळ, तेलकट तवंगाचं असतं आणि दोन-तीन दिवस साचलं की सडक्या अंड्यासारखं घाण मारतं. स्पेंट वॉश गडद तपकिरी असतो, बाटलीत आठवडाभर ठेवला तरी रंग खाली बसत नाही आणि वास आंबट-जळका येतो. तुमच्या विहिरींना आलेला चहासारखा रंग हा मेलॅनॉयडिन या रंगद्रव्याचा असण्याचा संभव मोठा आहे, कारण ते सहजी कुजत नाही आणि मुरमातून गाळलं गेलं तरी टिकतं. शीतकरणाचं पाणी दिसायला स्वच्छ पण कोमट असतं, म्हणून खिशात साधा थर्मामीटर ठेवा.

सोलापुरात हे जास्त नडतं त्याला कारण आहे. वर्षाला ५५०-६०० मिलिमीटर पाऊस, त्यातला मोठा भाग सप्टेंबरात. डिसेंबरनंतर ओढ्याला स्वतःचं पाणीच नसतं, त्यामुळे सोडलेलं पातळ होत नाही. ते डोहात साचतं, खालच्या मुरमातून आणि बेसॉल्टच्या भेगांतून हळूहळू विहिरींत उतरतं. भेगा कुठल्या दिशेने जातात ते वरून दिसत नाही. म्हणून कधी ओढ्याजवळची विहीर चांगली राहते आणि चार शेतं पलीकडची बिघडते. कारखान्याचा वकील नेमकं याच विसंगतीवर बोट ठेवतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे ग्रामपंचायतीमार्फत पाहणीची मागणी आत्ताच करून ठेवा, म्हणजे प्रवाहाची दिशा सांगणारा सरकारी कागद हातात राहील.

सीना-भीमेच्या काठच्या गावांनी आणखी एक लक्षात ठेवावं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत महिनोन्महिने साचलेलं घाण पाणी उजनी धरणातून पाण्याची पाळी सुटली की एकदम पुढे ढकललं जातं. मासे त्या लोंढ्याच्या तोंडाशी मरतात, आणि दोन दिवसांनी नदी धुतलेली दिसते. बंधाऱ्याचा नमुना घ्यायचा तो पाळी सुटण्याआधी.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट, जी जवळपास कुठलंच गाव करत नाही. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं. त्याच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, विहिरींचे नमुने तपासून घ्या. कारण "तुमचं पाणी मुळातच क्षारयुक्त आहे" हे उत्तर ठरलेलं असतं, आणि आपल्या भागात ते अनेकदा अर्धं खरंही असतं. सामू, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, पोटॅशियम, लोह, मँगनीज, सीओडी (घाणीच्या रासायनिक ज्वलनाला लागणारा प्राणवायू) आणि रंग एवढं तपासायला सांगा. पोटॅशियम विसरू नका. स्पेंट वॉशमध्ये ते भरपूर असतं आणि आपल्या विहिरींत एरवी कमी असतं, म्हणून बोट दाखवायला ते टीडीएसपेक्षा उपयोगी पडतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं, आणि नायट्रेट ४५ च्या वर चालत नाही.

नमुना घेताना होणाऱ्या चुकांवर प्रकरणं कोसळतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. ओढ्याच्या तीन जागा पक्क्या करा: कारखान्याच्या वर, पाणी मिळतं तिथे, आणि खाली सुमारे ५०० मीटरवर. विहिरींतही एक वरच्या अंगाची चांगली विहीर असायलाच हवी, नाहीतर तुलना होत नाही. जागा दर वेळी त्याच, खडूने किंवा रंगाने खूण केलेल्या. विहिरीवर मोटार आधी १०-१५ मिनिटं चालवा आणि मग भरा. दोन लिटरचा कोरा प्लॅस्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा. बीओडीची बाटली काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा न ठेवता भरा. सीओडीच्या बाटलीत प्रयोगशाळेने दिलेलं गंधकाम्ल टाकून सामू २ च्या खाली आणतात. जंतुतपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते. सगळं बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून दोन दिवस मोटारसायकलच्या डिकीत राहिलेल्या पाण्याचा बीओडी खरा येत नाही, आणि तो कमी येतो, म्हणजे नुकसान तुमचंच. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची किंवा पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मान्यता मिळालेली असावी.

नमुना घेतानाच पंचनामा करा. त्यात तारीख, वेळ, जागा, पाण्याचं वर्णन, बाटल्यांचे क्रमांक आणि पंचांच्या सह्या असाव्यात. तलाठी, ग्रामसेवक किंवा पोलीस पाटील यांपैकी कुणी हजर असेल तर उत्तम. ते आले नाहीत तर त्यांना बोलावल्याची पोच ठेवा. व्हिडिओ काढताना पूल, मैलाचा दगड अशा ओळखीच्या जागेपासून सुरुवात करून न थांबवता पाणी मिळतं तिथपर्यंत चाला. तुकड्या-तुकड्यांचा व्हिडिओ कुठल्याही ओढ्याचा म्हणता येतो.

मंडळाचे अधिकारी पुन्हा येतील तेव्हा त्यांच्याच भाषेत मागणी करा. त्यांच्याकडे संयुक्त सतर्कता नमुना असतो, त्याला ते जेव्हीएस म्हणतात. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ मध्ये कायदेशीर नमुन्याची रीत दिली आहे: कारखान्याला जागेवर नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोन्हीवर सील आणि सह्या. ही रीत पाळली नाही तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. कधी कधी ती पाळली जात नाही, आणि पुढे कारखाना याच मुद्द्यावर सुटतो. म्हणून अर्जातच लिहा: "नमुना कलम २१ प्रमाणे, पंचांनी दाखवलेल्या ओढ्यातल्या जागेवरून, आमच्या उपस्थितीत घ्यावा." अर्ज सोलापूरच्या उपप्रादेशिक कार्यालयाला आणि प्रत पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाला व जिल्हाधिकाऱ्यांना.

दरम्यान कागद गोळा करा. कारखान्याचं संमतीपत्र, म्हणजे मंडळाने दिलेला चालवण्याचा परवाना, सगळ्यात आधी. त्यात रोजचं उत्पादन किती, सांडपाणी किती आणि ते कुठे जायचं, बँक हमी किती, हे सगळं लिहिलेलं असतं. दुसरं, दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचं पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म ५. तिसरं, पर्यावरण मंजुरी असल्यास तिच्या अटींचा सहामाही अहवाल, जो १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. चौथं, कारखान्याला आधी दिलेल्या कारणे दाखवा नोटिसा आणि प्रस्तावित निर्देश. आणि पाचवं, ऑनलाइन देखरेख यंत्रणेची नोंद. साखर आणि डिस्टिलरी या जास्त प्रदूषणाच्या १७ उद्योगगटांत येतात, आणि केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये त्यांना सतत मोजमाप करणारी यंत्रं बसवायला लावली. माहिती अधिकारात "ऑनलाइन माहिती द्या" असं मोघम मागू नका. अमुक तारीख, रात्री १० ते पहाटे ५, प्रवाहमापक आणि कॅमेऱ्याची नोंद असं मागा. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाला १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, म्हणून या पाच गोष्टींचे पाच अर्ज करा, प्रत्येकी १० रुपयांचे. उत्तराची मुदत ३० दिवस. या कायद्यात नमुने घेण्याचा आणि कामाची पाहणी करण्याचाही अधिकार आहे, तो फार थोडे लोक वापरतात.

कागद हातात आले की बेरीज-वजाबाकी करा. उदाहरणार्थ, दिवसाला ६०,००० लिटर अल्कोहोलची डिस्टिलरी धरा. लिटरला १० लिटर म्हटलं तरी रोज ६ लाख लिटर स्पेंट वॉश झाला, म्हणजे १०,००० लिटरचे ६० टँकर. डिस्टिलरी "शून्य विसर्ग" असेल तर यातला थेंबही बाहेर जायला नको. तो आटवून बॉयलरमध्ये जाळला पाहिजे किंवा प्रेसमडवर फवारून कंपोस्टमध्ये गेला पाहिजे. मग विचारा: आटवणीचं यंत्र त्या महिन्यात किती दिवस बंद होतं? बॉयलर किती दिवस? त्या दिवसांत उत्पादन चालू होतं का? असेल, तर लगूनमध्ये, म्हणजे स्पेंट वॉश साठवायच्या तळ्यात, तेवढी जागा होती का? घात बहुतेक इथेच होतो. बाष्पीभवन यंत्राच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो, सफाईसाठी ते थांबवावं लागतं, डिस्टिलरी मात्र थांबवत नाहीत. लगून भरतं, अस्तर फाटलेलं असतं, आणि रात्री टँकर निघतात. पावसाळ्यात कंपोस्ट यार्डवर फवारणी झाली तर काळं पाणी थेट शेतात उतरतं. या एका तक्त्यातून जे दिसतं ते दहा फोटोंतून दिसत नाही.

टँकरवरून आठवलं. "खत आहे, पालाश आहे" म्हणून शेतात स्पेंट वॉश घ्यायचा आणि कोऱ्या संमतीपत्रावर सही करायची, हे ताबडतोब थांबवा. त्या कागदांचा गठ्ठा पुढे न्यायाधिकरणासमोर येतो आणि पाणी शेतकऱ्यांनीच मागून घेतल्याचं सांगितलं जातं. आपल्या चोपण होत चाललेल्या काळ्या रानात त्या क्षारांना निचरा नसतो, हा तोटा वेगळाच.

आता मुदती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. २०१० च्या कायद्यातल्या कलम १४ खाली प्रदूषण थांबवण्याचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांत करावा लागतो, आणि सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. कलम १५ खाली नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याची मागणी ५ वर्षांपर्यंत करता येते. मंडळाशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही. दोन हंगाम अर्जांतच गेले आणि कलम १४ ची वेळ टळली, असं फार गावांचं होतं. तुमच्याही बाबतीत दोन वर्षं झाली आहेत. म्हणून अर्ज कलम १५ वर उभा करा आणि चालू हंगामातली नवी घटना तारखेसह वेगळी मांडा. भरपाई न मागता अर्जाला १,००० रुपये शुल्क आहे. भरपाई मागितली तर मागणीच्या १ टक्का, किमान १,००० रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला हे शुल्क नाही. महिला अर्जदाराला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. पाण्याचा त्रास घरात पहिल्यांदा त्यांनाच होतो, तेव्हा अर्जात त्यांची नावं पुढे असणं सर्वार्थाने योग्य आहे. न्यायाधिकरण पुरावा कायद्याच्या काटेकोर नियमांनी बांधलेलं नाही. तुमचा खासगी प्रयोगशाळेचा अहवाल तिथे प्रथमदर्शनी पुरेसा ठरू शकतो, आणि मग न्यायाधिकरण केंद्रीय मंडळ, राज्य मंडळ आणि जिल्हाधिकारी यांची संयुक्त समिती पाठवू शकतं.

इथे एक गैरसमज दूर करणं गरजेचं आहे. "कारखान्याला लाखोंचा दंड झाला" अशी बातमी येते, आणि गावाला वाटतं पैसे आपल्याला मिळतील. ती पर्यावरणीय भरपाई असते. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात प्रदूषण निर्देशांक, दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि स्थान यांचा गुणाकार करतात. लाल, म्हणजे जास्त प्रदूषणाच्या, वर्गातल्या मोठ्या कारखान्याला ग्रामीण भागात तो ८० × २५० × १.५ × १, म्हणजे दिवसाला ३०,००० रुपये येतो. महिन्याचे ९ लाख. ते मंडळाकडे जमा होतात. तुमच्या विहिरीचे, उसाचे, जनावराचे पैसे कलम १५ खाली वेगळे मागावे लागतात आणि प्रत्येकाचे वेगळे सिद्ध करावे लागतात. त्यासाठी ई-पीक पाहणीत पीक नोंदलेलं हवं, कृषी सहायकाचा पंचनामा हवा, मेलेल्या जनावराचं पशुवैद्यकीय शवविच्छेदन हवं, नव्या बोअरची आणि टँकरची बिलं हवीत. पीक पाहणी राहिली तर सातबाऱ्यावर पडीक दिसतं आणि दावा तिथेच मोडतो.

आणि पाणी लगेच हवं असल्याची अंतरिम मागणी अर्जात पहिली ठेवा. राजस्थानातल्या बिछडी गावाच्या विहिरी रसायन कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये "प्रदूषण करणाऱ्याने भरावं" हे तत्त्व लावून निकाल दिला. सुधारणेचा खर्च न भरता कंपनी २०११ पर्यंत एकामागून एक अर्ज करत राहिली. निकालाची वाट पाहत कुणी पंधरा वर्षं तहानलेलं राहू शकत नाही. तातडीच्या उपायासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा अर्जही करता येतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १३३ ते हेच.

ग्रामसभेचा ठराव जरूर करा, पण त्याची ताकद ओळखून. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातल्या १२ ग्रामसभांनी खाण नाकारली, ती वनहक्क कायद्याच्या आणि अनुसूचित क्षेत्राच्या बळावर. सोलापूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे आपला ठराव कारखाना रोखू शकत नाही. तो पुरावा म्हणून उपयोगी आहे. "तीव्र निषेध" लिहिण्यापेक्षा विहिरींचे गट क्रमांक, तारखा, प्रयोगशाळेचे आकडे आणि गावातर्फे अर्ज कोण करणार त्याचं नाव लिहा. विस्ताराचा प्रस्ताव आला तर जनसुनावणीची वाट पाहत बसू नका. पेट्रोलमधल्या इथेनॉल मिश्रण कार्यक्रमासाठीच्या डिस्टिलऱ्यांच्या विस्ताराला २०२१ च्या अधिसूचनेने पर्यावरण मंजुरीच्या बी-२ वर्गात आणलं, आणि त्या वर्गाला जनसुनावणी नसते. केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या परिवेश पोर्टलवर कारखान्याच्या नावाने दर महिन्याला शोध घ्या. मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत करावं लागतं.

सगळ्यात अवघड भाग कायद्याचा नाहीच. तक्रार करणारा बहुधा त्याच कारखान्याचा सभासद असतो. त्याच्या उसाची तोड लांबते, बिल अडकतं, हे सगळे जाणतात. म्हणून ज्याचा ऊस उभा आहे त्याला एकट्याला पुढे करू नका. अर्ज ग्रामपंचायतीचा, बचत गटाचा, मच्छीमारांचा किंवा ऊस नसलेल्यांचा असू द्या, आणि सह्या पन्नास असू द्या. ओढ्याकाठी कोप्या टाकून राहणारे ऊसतोड मजूर तेच पाणी पितात. त्यांची नोंद कुणाच्याच अर्जात नसते. ती करा.

तोवर पिण्याचं पाणी. रंगलेलं पाणी उकळून क्षार जात नाहीत, उलट वाढतात. त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून निश्चिंत होऊ नका. सेंद्रिय घाण भरपूर असलेल्या पाण्यात क्लोरीन तिच्याशीच संयोग पावतो, जंतू मारायला उरत नाही आणि घातक संयुगं तयार होतात. विहिरीवर "पिण्यास अयोग्य" अशी पाटी लावून घ्या, तिचा फोटो काढा, आणि टँकरची मागणी गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. विहीर उपसायची ठरली तर आधीचे नमुने घेऊन मगच उपसा, आणि उपसलेलं पाणी परत ओढ्यात सोडू नका.